आपल्या मयतासाठी मराठीत कोण रडणार?

गेल्या शबे-बारातला मुलाला घेऊन आजोळी गेलो होतो. सावनेर तालुक्यातलं छोटं गाव आहे. मगरिबनंतर कब्रस्तानात गर्दी होती. कुणी अगरबत्त्या लावत होतं, कुणी मोबाइलच्या उजेडात आपल्या माणसाची जागा शोधत होतं. नानीच्या कबरीशी उभे राहून आम्ही फातिहा पढलो. मुलगा नववीत आहे, इंग्रजी माध्यमात. त्यानं दगडावर उजेड टाकला आणि विचारलं, "अब्बू, इथं काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. वर 'इन्ना लिल्लाहि', खाली नाव, तारीख आणि शेवटी एक उर्दू शेर. इक्बाल यांनी आपल्या आईच्या मृत्यूवर जी दीर्घ कविता लिहिली, तिच्यातला हा शेर आहे. कबरीवर आभाळानं दव शिंपावं, हिरवळीनं पहारा द्यावा अशी त्यातली दुआ आहे. आपल्याकडे शेकडो दगडांवर तो सापडेल. मी अर्थ समजावून सांगितला. मुलानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बडी नानी उर्दू बोलायच्या?"

"नाही."

"वाचायच्या?"

"त्यांना कोणतीच लिपी येत नव्हती. बोलायच्या मराठी."

"मग?"

या 'मग'चं उत्तर मला देता आलं नाही. आणि शरमेची गोष्ट अशी की तो शेर मीच निवडला होता. मामूंनी फोन केला होता, "तू उर्दूचा मास्तर आहेस, काहीतरी चांगलं लिहून दे." मी दहा मिनिटांत लिहून दिलं. कोरणाऱ्यानं एक नुक्ता चुकवला, तोही कुणाच्या लक्षात आला नाही, कारण त्या गावात तो दगड वाचू शकेल असं कुणी नाही. इक्बालांनी आपल्या आईसाठी शेर लिहिला. आम्ही आमच्या नानीसाठी इक्बालांच्या आईचा शेर उसना आणला.

हा लेख त्या 'मग'चं उत्तर आहे. काहींना तो झोंबेल. झोंबावा म्हणूनच लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी उर्दूच्या विरोधात नाही, उर्दूवर माझं घर चालतं. नागपूरच्या मोमिनपुऱ्यात किंवा कामठीत ज्या विणकरांच्या घरात पिढ्यान् पिढ्या उर्दू बोलली जाते, त्यांच्या मयताला उर्दूच शोभते. त्यांच्या दगडावर उर्दूच असावी. माझा वाद वेगळ्या लोकांशी आहे. ज्यांचं घर मराठीत चालतं, भांडण मराठीत होतं, अंगाई मराठीत गायली जाते, शेतीचा हिशेब आणि सोसायटीचं कर्ज मराठीत होतं, आणि फक्त माणूस मेला की ज्यांना अचानक उर्दू आठवते, त्या आपल्यासारख्यांशी माझा वाद आहे. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात असे आपण खूप आहोत. कोकणात, मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात तर त्याहून जास्त.

दोन वर्षांपूर्वीचा प्रसंग सांगतो. आमच्या परिचयातले एक निवृत्त शिक्षक वारले. आयुष्यभर मराठी शिकवलेला माणूस. शिकवण्यात असा दम की त्यांचे हिंदू विद्यार्थी आजही व्याकरणाची शंका आली की त्यांची आठवण काढतात. त्यांच्या ताजियती जलशात मला बोलायला बोलावलं. मी मराठीत सुरुवात केली. दोन मिनिटांत मागून चिठ्ठी आली, "जनाब, मौका नाजूक है, उर्दू में फरमाइए." समोर त्यांचे दोन नातू बसले होते. ते उर्दू ऐकत होते आणि पंख्याकडे बघत होते. मी भाषा बदलली. त्याची लाज मला आजही वाटते. मराठीच्या मास्तराला निरोप द्यायला मराठी चालली नाही, आणि ते न चालवणाऱ्यांत मीही होतो.

या चिठ्ठीमागे काही समजुती आहेत. त्या एकेक करून तपासू.

पहिली समजूत अशी की मराठीत दुःखाला नजाकत नाही. मराठी म्हणजे तहसील कचेरीची आणि भांडणाची भाषा, रडावं तर उर्दूत. हे म्हणणाऱ्यानं सावनेरला जाऊन यावं. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. वय अवघं तेहतीस. आमच्या आजोळापासून ते ठिकाण बैलगाडीच्या अंतरावर आहे. याच गडकऱ्यांनी गोविंदाग्रज या नावानं 'राजहंस' लिहिली. मूल गेलेलं आहे, आई ते मानायला तयार नाही, तो झोपलाय, त्याला उठवू नका, नेऊ नका असं लोकांना विनवते आहे. ती कविता वर्गात वाचताना मला दर वर्षी मध्येच थांबावं लागतं. एके वर्षी एक मुलगी उठून बाहेर गेली. नंतर कळलं, तिच्या घरी दोन महिन्यांपूर्वी लहान भाऊ गेला होता. मुलगी मुसलमान, कविता मराठी, कवी हिंदू, आणि दुःख ओळखायला तिला एक क्षणही लागला नाही. नजाकत नाही म्हणणाऱ्यानं त्या मुलीला जाऊन सांगावं.

भा. रा. तांबे यांचंही तसंच. ग्वाल्हेरकडचा हा मराठी कवी, जन्म १८७३, मृत्यू १९४१. त्यांची 'जन पळभर' लताबाईंच्या आवाजात सगळ्यांनी ऐकली आहे. माझ्यामागे जगाचं काही अडणार नाही, लोक क्षणभर हळहळतील आणि कामाला लागतील, असं तो मरणारा माणूस स्वतःच सांगतो. गाइडमध्ये याला 'कवीचा निराशावाद' असं लिहिलेलं असतं आणि मुलं ते पाठ करतात. मला त्यात निराशा कधीच दिसली नाही. आपल्या मरणाचा बडेजाव करायला नकार देणारा एक भला माणूस दिसतो.

बी.ए.ला मला इंग्रजी वाङ्मय हा एक विषय होता. तिथं क्रिस्टिना रोझेटी वाचली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ही कवयित्री. एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास तिनं एक छोटी कविता लिहिली, ती छापून आली १८६२ साली. सुरुवातीला ती प्रियकराला म्हणते, मी गेले की आठवण ठेव. शेवटी म्हणते, आठवून दुःखी होणार असशील तर विसरून हसलास तरी चालेल. तांबे आणि रोझेटी यांच्यात समुद्र आहे, धर्म वेगळा, काळही पुढेमागे. पण दोघांनीही मागे राहणाऱ्यांच्या मानेवरचं ओझं उतरवून ठेवलं. विसरायची मुभा दिली.

आता कुणी म्हणेल, मग तुमची तक्रार काय? नातवाला दगड वाचता येत नसेल तर विसरू द्या की. रोझेटीनंच मुभा दिली आहे. माझं उत्तर असं. विसरणं हा माणसाचा हक्क आहे, पण विसरल्यावर आठवण ठेवल्याचा देखावा करणं हा हक्क नाही. कुणालाही न कळणारा सुंदर शेर दगडावर कोरून आपण मोकळे होतो, तेव्हा आपण माणूस विसरतो आणि वर सजावटही करतो. त्यापेक्षा नुसती माती बरी. गवत उगवेल, पावसाळ्यात खचेल, पुढल्या शबे-बारातला पोरं पुन्हा माती टाकतील. त्यात तरी हाताला आठवण राहते.

दुसरी समजूत जास्त खोल आहे. मराठी शोककाव्याचे शब्दच आपले नाहीत, असं म्हणतात. सरण, चिता, स्वर्ग, कैलासवासी, वैकुंठवासी. यात आपला मुर्दा कुठे बसवायचा? शंका खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण याच भाषेनं आपल्यासाठी काय केलं तेही बघा. गावोगावच्या फलकांवर आणि निधनवार्तांत मुसलमान माणसाच्या नावाआधी 'पै.' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. पैगंबरवासी. आपल्यातले शिकलेले लोक या शब्दाला हसतात, आलिमांना तो खटकतो. पैगंबर म्हणजे काय गाव आहे का, तिथं वास करायला? व्याकरण आणि अकीदा दोन्ही अंगांनी तो शब्द लंगडा आहे, कबूल. पण त्यामागचा माणूस डोळ्यांसमोर आणा. कुणी तालुक्याचा वार्ताहर किंवा फलक रंगवणारा असेल. शेजारचा मुसलमान वारला. त्याला 'कैलासवासी' लिहिणं बरं दिसत नाही आणि नुसतं 'मृत' लिहिणं अपमानाचं वाटतं. म्हणून त्यानं आपल्याच घराच्या साच्यात पाहुण्यासाठी एक पाट मांडला. शब्द चुकला असेल, आदर चुकलेला नाही. तो आपल्याला पसंत नसेल तर त्याहून चांगला मराठी शब्द घडवायचं काम आपलं होतं. आपण ते केलं नाही, आणि शेजाऱ्यानं केलं त्याला हसत बसलो.

आणि शब्द परके म्हणता, तर तलाठ्याचं दप्तर उघडा. सातबाऱ्यावरचा खातेदार वारला की तो देशमुख असो, कुणबी असो की पठाण, फेरफारात त्याला 'मयत' लिहितात. मागे राहतात ते 'वारस'. दोन्ही शब्द अरबी. आख्ख्या महाराष्ट्रातला शेतकरी मेल्यावर जो शब्द पांघरून दप्तरात जातो तो आपल्या मय्यतचाच शब्द आहे. मराठीनं मरणाच्या नोंदीत आपला शब्द शेकडो वर्षांपूर्वी घेतला. आपण मात्र मरणाच्या कवितेत मराठीला आत घ्यायला कचरतो.

नागपूरनंच याचं उलट उदाहरणही पाहिलं आहे. सुरेश भट अमरावतीचे, त्यांचा शेवट नागपुरात झाला, २००३ साली. गझल ही आपल्या उर्दू-फारसीची. माधव जूलियन यांनी १९३३ मध्ये 'गज्जलांजलि' काढून ती मराठीत रुजवायचा मोठा प्रयत्न केला, आणि भटांनी ती घराघरांत नेली. त्या गझलेत भटांनी सरण आणलं. सरणावर पोचलेला माणूस जगण्याचा हिशेब मांडतो, आणि साचा शंभर टक्के आपला, काफिया-रदीफसकट. भटांना वाटलं नाही की गझलेत सरण कसं आणू, ती तर कबरवाल्यांची. त्यांनी आपलं मरण आपल्या चालीरीतीनिशी परक्या साच्यात बसवलं आणि साचा त्यांचा झाला. मग मराठी ओवीत, अभंगात, मुक्तछंदात कबर का बसू नये? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. मुसलमान माणसाला आत्म्याबद्दल मराठीत बोलता येतं हे तेव्हाच ठरलं होतं. आपण फक्त मागे आलो.

तिसरी समजूत मर्सियाची. "आमच्याकडे अनीस आणि दबीर आहेत, आणखी काय हवं?" मीर अनीस मी शिकवतो, म्हणून त्यांच्या नावानं कुणी मला गप्प करू नये. अनीस वारले १८७४ मध्ये. म्हणजे इंग्लंडमध्ये टेनिसनचं नाव गाजत होतं त्याच काळात लखनौत अनीस मिंबरवर बसून मर्सिया पढत होते. त्यांच्या मर्सियात करबलाच्या मैदानात उभ्या असलेल्या अरब बायका कशा बोलतात? लखनौच्या शरीफ घरातल्या बायकांसारख्या. लग्न-मेंदीच्या रीती अवधच्या, लाडाचे शब्द अवधचे, विधवेचा आकांत अवधचा. टीकाकारांनी त्यांना यावरून नावं ठेवली. पण रडणाऱ्यांना त्याच गोष्टीनं रडवलं. अनीसांनी करबला आपल्या शहरात आणली, आपल्या आया-बहिणींच्या तोंडी दिली. अनीसांचा वारसा चालवायचा म्हणजे त्यांची भाषा उचलायची की त्यांचं धाडस?

त्याआधीचं बघा. दक्खनमध्ये गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशहानं दक्खनीत मर्सिये लिहिले, दरबारात फारसीचा मान असताना. उत्तरेत १७३२ च्या सुमारास फजली नावाच्या लेखकानं करबलावरचा फारसी ग्रंथ उर्दूत आणला. कारण काय, तर मजलिसमध्ये बायका बसतात, फारसी वाचन चालतं, त्यांना कळत नाही, म्हणून त्यांना रडू येत नाही. त्या पुस्तकाचं नाव 'करबल कथा'. कथा! उत्तर भारतातल्या उर्दू गद्याच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांतलं हे एक पुस्तक, आणि त्याचा जन्मच मुळी रडणाऱ्याला कळावं म्हणून झाला. म्हणजे ज्या उर्दूला आपण आज मरणाची एकमेव शरीफ भाषा म्हणतो, ती एके काळी फारसीवाल्यांच्या लेखी बायकांची, बाजाराची बोली होती. तेव्हा कुणी फजलीला चिठ्ठी पाठवली असती की 'मौका नाजूक है, फारसी में फरमाइए', तर आज माझी नोकरीच नसती.

आणि मराठीत हे आधीच झालेलं आहे, आपल्याला फक्त त्याची माहिती नाही. सांगली जिल्ह्यात कडेगावचे उंच ताबूत प्रसिद्ध आहेत. त्यांत हिंदू घराण्यांचा मान असतो आणि मराठीतून गाणी म्हटली जातात. त्या बाजूच्या गावांमध्ये मोहरमला 'करबल' खेळतात. हसन-हुसेनचं दुःख मराठी चालीत, पायांच्या ठेक्यावर, हिंदू-मुसलमान मिळून गातात. ही आपली मराठी मर्सिया परंपरा. तिला ना उर्दू विभागात जागा, ना मराठी विभागात. आपल्या लेखी ती गावंढळ, त्यांच्या लेखी ती लोककला. शोककाव्य ती कुणाच्याच लेखी नाही.

इथं मराठीवाल्यांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत, नाहीतर मी घरच्यांवरच हात चालवतो असं होईल. एका काव्यवाचनाला मी वडिलांवरची मराठी कविता घेऊन गेलो होतो. विषय 'स्मरण' होता. आयोजक प्रेमानं म्हणाले, "सर, तुम्ही उर्दूतलं काहीतरी म्हणा ना, तेवढीच रंगत." माझे वडील ही रंगत नव्हती. ते एसटीत वाहक होते, मराठीत तिकिटं फाडली, मराठीत शिव्या खाल्ल्या आणि मेडिकलच्या वॉर्डात शेवटचं पाणी मराठीत मागितलं. त्यांच्यावरची कविता मराठीतच होणार होती. तुम्ही आम्हाला पाहुणा म्हणून उर्दूच्या खोलीत बसवता, चहा देता, वाहवा करता, आणि आम्ही तुमच्या अंगणात आमचा मुर्दा घेऊन आलो की गोंधळता. मराठी विलापिकेवर बोलताना करबलची गाणी तुम्हाला कधी आठवली? मग मराठी मुसलमान मराठीत लिहीत नाही, ही तक्रार कुठल्या तोंडानं करता?

चौथी समजूत दीनच्या नावानं येते. मयतावर शेरोशायरी कशाला, कबरीवर लिहिणंच मना आहे, हे सगळं बिदअत आहे. कबरीवर लिहावं की नाही हा उलेमांचा विषय आहे आणि जे लिहीत नाहीत त्यांच्याशी माझा वाद नाही. त्यांचं म्हणणं निदान एकसंध आहे. माझा वाद त्यांच्याशी आहे जे उर्दूत लिहितात आणि मराठीला मात्र बिदअत दाखवतात. छाती पिटून आक्रोश करू नये हे मान्य. पण प्रेषितांचा लहानगा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. हस्सान बिन साबित यांनी प्रेषितांच्या वफातीवर कविता केल्या. खन्सा ही अरबांची मोठी कवयित्री, तिची कीर्तीच भावावरच्या शोककवितांची. ती अरबीत रडली कारण तिचा भाऊ अरबीत हसायचा. इतकं साधं आहे ते.

आता टेनिसनकडे येतो, कारण मला मार्ग तिथं सापडला. आर्थर हॅलम हा त्याचा जिवलग मित्र, बहिणीचा नियोजित वर. १८३३ मध्ये व्हिएन्नात अचानक गेला, वय बावीस. टेनिसन त्याच्यावर सुमारे सतरा वर्षं तुकड्या-तुकड्यांनी लिहीत राहिला. १८५० मध्ये पुस्तक आलं, लेखकाचं नाव न घालता. एकशे एकतीस भाग, शिवाय सुरुवात आणि शेवट. श्रद्धा डळमळते, पुन्हा सावरते, वर्ष उलटतं, सण येतात, आणि शेवट होतो एका लग्नाच्या गाण्यानं. पुढे १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा वारला तेव्हा बायबलच्या खालोखाल तिला याच पुस्तकानं धीर दिला. राणीला जे पुरलं ते काय होतं? मित्राच्या घराचा दरवाजा, पाऊस, रिकामा रस्ता. अगदी साध्या चार-चार ओळींचे तुकडे. पुस्तकाचं शीर्षक मात्र लॅटिन, 'इन मेमोरियम'. शीर्षक धर्माच्या आणि विद्वानांच्या भाषेत, रडणं घरच्या भाषेत.

आपल्याला याहून वेगळं काय करायचं आहे? वर 'इन्ना लिल्लाहि' अरबीतच राहू दे. ती अल्लाहची भाषा म्हणून आपण डोक्यावर ठेवतो, तिला कुणी हात लावत नाही. त्याच्या खाली मात्र माणूस ज्या भाषेत जगला त्या भाषेत त्याच्याबद्दल बोला.

कुणी विचारेल, इक्बाल पंजाबी घरातले, तरी आईवर उर्दूत लिहिलं, ते कसं? बरोबर विचारलं. इक्बाल ज्या भाषेत विचार करून लिहू शकत होते त्या भाषेत त्यांनी लिहिलं, आणि ती वाचणारे त्यांच्या भोवती होते. तुमचा मुलगा उर्दूत विचार करून लिहीत असेल तर जरूर लिहू दे, मी पहिली दाद देईन. पण तो लिहीत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत मराठी सक्तीची झाली आहे, इंग्रजी माध्यमातही. म्हणजे पुढच्या पिढीतला आपला प्रत्येक पोरगा देवनागरी तर वाचणारच. कबरीशी उभं राहून त्याला जे वाचता येईल ते लिहायचं की जे वाचता येणार नाही ते? आणि जाता जाता, याच इक्बालांनी तरुणपणी १९०१ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या मृत्यूवरही उर्दूत लांबलचक शोककविता लिहिली होती. ती त्यांनी पुढे 'बांगे-दरा'त घेतली नाही. राणीसाठी लिहिलेलं मागे पडलं, आईसाठी लिहिलेलं दगडादगडावर गेलं. आपल्या माणसासाठी आपल्या पोटातून निघालेलं तेवढं टिकतं.

बी.एड.ला आम्हाला एक सूत्र घोकवलं होतं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. मुलाला जे माहीत आहे तिथून सुरुवात करा आणि माहीत नसलेल्याकडे न्या. मृत्यूइतकं अज्ञात दुसरं काय आहे? तिथं न्यायचं तर हात धरायला ओळखीचा शब्द हवा. आपण पोराला अज्ञातापुढे उभं करतो आणि अज्ञात लिपीत समजूत घालतो.

ताजाबादला दर वर्षी बाबा ताजुद्दीन यांचा उर्स भरतो. बाबांची वफात १९२५ ची. उर्स म्हणजे शब्दशः लग्न. वलीचं मरण म्हणजे प्रियकराची भेट, म्हणून शोकाऐवजी सोहळा. तांब्यांची 'नववधू' शिकवताना मी मुलांना हेच उदाहरण देतो. सासरी जाताना बावरलेली नवरी म्हणजे मृत्यूच्या दारात उभा असलेला जीव. वर्गातली मुसलमान मुलं लगेच म्हणतात, "सर, उर्ससारखं!" हिंदू मुलंही मान हलवतात, कारण ताजाबादला तीही जातात. त्या वेळी मला कळतं की दुःखाचा पूल बांधायची गरजच नाही. तो आहे. आपण त्यावर नाका बसवला आहे.

आता त्या 'मग'चं उत्तर. नानी जात्यावर ओव्या म्हणायची. त्यांत राम यायचा, पीरबाबा यायचे, माहेरचा भाऊ यायचा. त्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नाहीत, घरात दोन शिक्षक असून. मला तिचं एक वाक्य पक्कं आठवतं. मी बी.एड.च्या परीक्षेच्या वेळी तिच्याकडे राहायला गेलो होतो, ती आजारी होती. मी रडवेला झालो तशी म्हणाली, "मी गेल्यावर रडजो बापू, पण उपाशी नोको राहजो."

यापेक्षा चांगला शेर मला उर्दूत माहीत नाही, मराठीतही नाही. हे वाक्य माझ्याकडे होतं आणि मी मामूंना इक्बाल लिहून दिला. कारण ते वाक्य वऱ्हाडी होतं, गावचं होतं, आणि दगडावर लिहायला मला ते 'शरीफ' वाटलं नाही.

दगड बदलायचा की नाही हे मामूंशी बोलून ठरेल. ते सत्तरीत आहेत, त्यांना दुखवायचं नाही. पण त्या रात्री परत येताना गाडीत मी मुलाला ते वाक्य सांगितलं. तो हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "अब्बू, याच्यापुढे काय म्हणाल्या होत्या त्या?" शेर वाचून दाखवला तेव्हा त्यानं असं विचारलं नव्हतं.

वाचकांना माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरातलं जे माणूस मराठीत जगलं आणि गेलं, त्याचं एक वाक्य येत्या बरसीच्या आत कागदावर उतरवा. जशी बोलायचं तशाच भाषेत, शुद्धलेखन न सुधारता. कवी असाल तर त्यातून कविता करा, नसाल तर तेवढंच पुरे. फातिहा झाल्यावर पोरांना ते वाचून दाखवा. आणि ताजियती जलशात तुम्हाला चिठ्ठी आली, तर ती घडी करून खिशात ठेवा आणि बोलत राहा. मी ठेवली नव्हती.